चूक खामगावात कळू दे

आमच्या कॉलेजात गणिताचे एक प्रोफेसर होते. विद्यार्थी म्हणून चार वर्षं आणि पुढे त्यांच्या हाताखालचा लेक्चरर म्हणून सात वर्षं मी त्यांना जवळून पाहिलं. या अकरा वर्षांत त्यांनी कुणाला साधं पेन वापरायला दिल्याचं मला आठवत नाही. एकदा सही करायला प्राचार्यांनी त्यांच्या खिशातल्या पेनाकडे हात नेला, तर सर दोन पावलं मागे सरकले. म्हणाले, "नाई साहेब. हे माझं हाये." प्राचार्यांनी हसून शिपायाकडून दुसरं पेन मागवलं.

खामगावात त्यांना कुणी कंजूस म्हणे, कुणी चक्रम म्हणे. चक्रम म्हणणाऱ्यांशी मी भांडणार नाही, पण कंजूस ते नव्हते. ज्यानं पेन मागितलं त्याला दुसऱ्या दिवशी नवं कोरं पेन विकत आणून देत आणि वर बजावत, "हे तुझं. मले वापस देऊ नको." त्यांचं म्हणणं एवढंच, की एका वस्तूला एकच हात असावा. दोन हात लागले की वस्तू बिघडते आणि कोणी बिघडवली ते कधी कळत नाही. लग्न त्यांनी केलं नव्हतं. घरात एक खुर्ची, एक ताट, एक पेला, एक कप. पाहुणा आला तर तो खुर्चीत बसे आणि सर भिंतीला टेकून उभे राहत.

लेक्चरर म्हणून मी रुजू झालो त्याच दिवशी या सवयीनं मला चांगलाच चटका दिला. स्टाफरूममध्ये माठाजवळ चार-पाच पेले होते. मी हाताला लागला तो उचलला, पाणी भरलं आणि तोंडाला लावणार तोच सरांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "हा माझा हाये." मी बौद्ध घरातला. धाडजवळच्या आमच्या गावात वडील दुसऱ्यांच्या शेतात राबत, आणि दीक्षा घेतली तेव्हा मी तिसरीत होतो. सर मोताळ्याकडच्या मोठ्या जमीनदार घरातले. हातातून पेला काढून घेण्याचा अर्थ आमच्या घरात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. दिवसभर माझे कान तापलेले होते.

संध्याकाळी त्यांनी घरी बोलावलं होतं म्हणून गेलो. मनात ठरवून गेलो, की आज संबंध तोडायचाच. सरांनी स्टोव्हवर चहा केला, स्वतः उभ्याउभ्या घाईघाईनं पिऊन टाकला, कप घासला, पुन्हा नव्यानं चहा ठेवला आणि त्याच कपात मला दिला. म्हणाले, "कप एकच हाये माझ्याकडं. म्हणून थांबा लागलं तुले." बस्स, एवढंच. त्यांना सकाळचं काही आठवतही नव्हतं. तो चहा मी किती सावकाश प्यालो, ते माझं मला माहीत.

वर्गात ते वऱ्हाडीतच शिकवत. फळ्यावर ग्रीक अक्षरं आणि तोंडात मोताळ्याची भाषा. "मले सांग, हे काऊन खरं हाये?" असं विचारत. कुणी "पुस्तकात आहे, सर" म्हणालं की डोळे मिटून घेत. "पुस्तकात खोटं छापलं असन तर तू काय करशीन बे? खोटं शिकशीन?" पोरं हसत. सर हसत नसत. त्यांना खरंच उत्तर हवं असे.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा त्यांनी आमची सहल काढली. लोणारला नाही की शेगावला नाही, गावातल्याच एका जिनिंगला. कापसाचा हंगाम होता, गाड्यांची रांग लागलेली. आम्हाला वाटलं, मशिनी पाहायला मिळतील. सरांनी आम्हाला फाटकाशी उभं केलं ते तीन तास. आत काय जातं आणि बाहेर काय येतं एवढंच वहीत लिहायचं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा मालकालाच आमची दया आली. तो बाहेर येऊन म्हणाला, "प्रोफेसरसाहेब, पोरायले आत तं आणा. दाखवतो सगळं."

"आत काय हाये ते आम्हाले पाहायचंच नाई," सर म्हणाले.

मालक बुचकळ्यात पडला. सर त्याला समजावायला लागले. "कापूस दिला की रुई अन् सरकी भेटते, हा तुमचा शब्द. आत तुम्ही मशीन लावा नाई तर हातानं सोला. उद्या मशीन बदलली तरी बाहेरच्या गाडीवाल्याले काही फरक पडला नाई पाहिजे. शब्द तेवढा कायम पाहिजे." मालकानं मान डोलावली आणि आमच्यासाठी पाणी पाठवलं. पुढे वर्षभर कॉलेजात आमच्या बॅचला फाटकवाले म्हणत.

त्या फाटकात उभ्या उभ्या आम्ही जे ऐकलं, त्याच्यावर सरांनी पुढची नऊ वर्षं घातली हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. महाराष्ट्र होऊन आठ-नऊ वर्षं झाली असतील. खामगावात कॉम्प्युटर हा शब्द पेपरात छापून येई तेवढाच. पण सरांचा एक जुना विद्यार्थी मुंबईत संशोधनाच्या एका संस्थेत होता, तो तिकडचे छापील निबंध टपालानं पाठवी. त्यातून सरांना कळलं, की कॉम्प्युटरला कामं सांगायची एक नवी तऱ्हा निघते आहे. एकामागून एक हुकूम सोडायचे नाहीत. लहान लहान वस्तू मानायच्या. प्रत्येक वस्तू आपलं आतलं आत ठेवते, विचारलं की उत्तर देते, सांगितलं की काम करते. मोठं काम म्हणजे अशा वस्तूंची मांडणी. ही मांडणी लोक कागदावर चौकोन आणि बाण काढून दाखवत. सरांचा प्रश्न साधा होता. त्या चौकोनाचा अर्थ काय? एकच चित्र पाहून दोघांनी दोन अर्थ काढले तर खरा कोणता? अर्थ गणितानं बांधून टाकायचा, म्हणजे भांडणाला जागाच राहू नये, हे त्यांनी मनावर घेतलं.

कॉम्प्युटर त्यांनी पाहिलेला नव्हता. मुंबईचा विद्यार्थी दर पत्रात लिही, सर एकदा या, दाखवतो. सर मला म्हणत, "पाहून काय करू? आतलं मले पाहायचंच नाई." ही थट्टा होती की खरं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांच्या गणितात वारस नावाचा एक प्रकार होता. एका वस्तूच्या जागी दुसरी वस्तू बसवायची असेल, तर ती केव्हा चालेल? सरांचा नियम असा, की नवी वस्तू जुनीपेक्षा जास्त मागणार नसेल आणि कमी देणार नसेल, तरच ती वारस. हा नियम ते वहीतून काढून गावभर लावत फिरत. त्यांचे केस कापणारा म्हातारा सलूनवाला त्यांना पुस्तक वाचता वाचता केस कापू देई. तो थकला आणि मुलगा गादीवर आला. अर्धं डोकं झाल्यावर मुलगा म्हणाला, "सर, पुस्तक खाली ठेवा अन् मान सरळ धरा."

सर उठले. "तुझा बाप हे मागत नव्हता. तू जास्त मागून राह्यला. तू वारस नाई." आणि अर्ध्या कापलेल्या डोक्यानं दोन दिवस कॉलेजात वर्ग घेतले. पोरांनी बाकं वाजवली तरी त्यांना कारण कळेना. तिसऱ्या दिवशी म्हातारा स्वतः काठी टेकत त्यांच्या घरी आला, उरलेलं डोकं कापून दिलं आणि जाता जाता मला म्हणाला, "मास्तर चांगले हायेत हो, पण यायले सांभाळणारं कोणी पाहिजे होतं."

नऊ वर्षांच्या शेवटी सरांनी एक सिद्धांत गाठला. मराठीत सांगायचा तर तो असा: प्रत्येक वस्तू आपापल्या शब्दाला जागली, तर अख्खी मांडणी शब्दाला जागते. वस्तू एकेकटी तपासा, सगळ्यांची बेरीज तपासायची गरज नाही. मी जिथून आलो तिथे माणसं आपापल्या परीनं चांगली असत आणि गाव मिळून वाईट वागे, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. त्यामुळे हा सिद्धांत पहिल्यांदा वाचला तेव्हा मला भरून आलं होतं. असं कुठेतरी, निदान कागदावर तरी खरं असावं, असं मला फार वाटे.

त्या वर्षी दसऱ्यानंतर मुंबईच्या विद्यार्थ्याचं पत्र आलं. डिसेंबरअखेर पुण्याला परिषद आहे, देशभरातली जाणती माणसं येणार आहेत, त्यानं खटपट करून सरांसाठी अर्धा तास मिळवला आहे. सर पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. दुसरी संधी कुठून येणार? पत्र आलं त्याच संध्याकाळी ते माझ्या खोलीवर आले. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली जाडजूड वही. नऊ वर्षांची तीच एक प्रत.

"हे घे," ते म्हणाले. "नऊ वर्षं मी एकटाच वाचून राह्यलो. आपली चूक आपल्याले दिसत नाई. तुझी नजर चांगली हाये. तू तपास. चूक असन तर मले पुण्यात कळू नये, खामगावात कळू दे. दोन महिने हायेत. दोन महिन्यांत मी बसवतो काहीतरी."

ज्या माणसानं कुणाला पेन दिलं नाही, त्यानं मला ती वही दिली. ते गेल्यावर मी वही कपाळाला लावली. तीच माझी पहिली चूक. तपासायला दिलेल्या वहीला कपाळ लावायचं नसतं.

दुसरा आठवडा चालू होता. मी डिपार्टमेंटच्या व्हरांड्यात वही घेऊन बसलो होतो, एकेचाळिसाव्या पानावर. आमचा शिपाई किसनभाऊ तासभर उशिरा आला, गालावर ओरखडा. जवळच्याच खेड्यातला, घरची थोडी शेती सांभाळून नोकरी करणारा. त्या साली पाऊस बेताचाच झाला होता.

"काय झालं किसनभाऊ?"

"काही नाई सर, इहिरीचं भांडण. इहीर माही अन् चुलतभावाची मिळून हाये. ठरलेलं हाये, पाणी तिसऱ्या पायरीच्या वर असन तरच पंप लावायचा. काल सकाळी म्या जाऊन पाह्यलं, पाणी वर. घरी आलो, चहा पेलो. त्यानंही पाह्यलं, पाणी वर. तोही घरी गेला. मंग दोघायनंही आपापले पंप लावले. दुपारी पाह्यतो तं इहिरीत गाळ!"

"मग चूक कुणाची म्हणायची?"

"तेच तं भांडण हाये ना सर! तो म्हणते, म्या पाहूनच लावला. म्या म्हणतो, म्या पाहूनच लावला. दोघंबी खरे, अन् इहीर कोरडी."

तो पाणी भरायला निघून गेला आणि मी एकेचाळिसाव्या पानाकडे पाहत राहिलो. दोन पंप, दोघांनी शब्द पाळलेला, एकेकटे तपासले तर दोघेही निर्दोष. आणि मांडणी कोसळलेली. सरांची सिद्धता इथे एक गोष्ट धरून चालली होती, की कुठलीही वस्तू एका वेळी एकाच्याच हातात असते. ती कुठे लिहिलेली नव्हती. लिहायची त्यांना गरजच वाटली नव्हती. ज्याच्या घरात कप एक आणि पिणाराही एक, त्याला दोन हातांत धरलेला एक कप सुचणार कुठून? एकट्या माणसाची चूक होती ती. पण तिच्यावर पुढची सव्वाशे पानं उभी होती.

त्याच संध्याकाळी मी सांगायला गेलो. सर भिंतीकडे तोंड करून इंग्रजीत भाषणाचा सराव करत होते, समोर घड्याळ, अंगात शिंप्याकडून नुकताच आलेला काळा कोट. मला पाहताच वळले. "सापडलं काही?" त्यांच्या चेहऱ्यावर धाकधूक होती, शाळेतल्या पोराला निकालाच्या दिवशी असते तशी. मी म्हणालो, "नाही सर. अजून पाहतोय." त्यांचा चेहरा जो उजळला, तो पाहून मला वाटलं, आजचा दिवस जाऊ दे.

आठ दिवसांनी पुन्हा गेलो. त्यांना सकाळी चक्कर आली होती, डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या होत्या. आजारी माणसाला काय सांगायचं, म्हणून परतलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि निबंधाच्या शेवटी घातलेली एक ओळ वाचून दाखवली. माझं पूर्ण नाव, आणि पुढे इंग्रजीत, की यांनी यातली प्रत्येक ओळ तपासली आहे. "तुह्या नावाबिगर हे पुरं नाई," ते म्हणाले. मी आभार मानले. आभार मानले मी!

पुढे फार वर्षांनी हे मी ज्यांना सांगितलं त्यांनी मला समजावलं, तुम्ही दयेपोटी गप्प बसलात. दया होती, पण थोडीच. खरं सांगायचं तर आमच्या घरात कुणी गुरूला "तुमचं चुकलं" म्हटलेलं नव्हतं, कारण आमच्या घरात कुणाला गुरूच मिळाला नव्हता. मला मिळाला होता, आणि मला तो जायला नको होता. मी मनाशी म्हणे, कदाचित माझंच समजण्यात चुकत असेल. मग म्हणे, अर्ध्या तासात पुण्यात कोणाच्या लक्षात येतंय? आदर म्हणतात तो असा फार सोयीचा असतो, त्याच्या आड भित्रेपणा खपून जातो.

पुण्याला आम्ही दोघे गेलो. जलंबपर्यंत छोटी गाडी, पुढे मोठी, कल्याणला बदल. सरांनी रस्ताभर कोट मांडीवर घडी करून धरला होता. परिषदेत त्यांचं इंग्रजी लोकांना जरा गमतीदार वाटलं, मागच्या रांगेत दोघं एकमेकांना कोपरानं ढोसत होते. पण दहा मिनिटांत ते थांबलं. हॉल शांत झाला. वारसाच्या नियमापाशी तर पहिल्या रांगेतले एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ लिहून घ्यायला लागले. मला वाटलं, निभावलं.

शेवटी एक मुलगा उठला, बाविशी-तेविशीचा. अतिशय नम्र होता. त्यानं सर मराठी आहेत हे ओळखून मराठीतच विचारलं, "सर, दोन वस्तूंच्या हातात तिसरी एकच वस्तू असेल तर?"

सर फळ्याकडे वळले. खडू हातात, पाठ आमच्याकडे. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, खुर्च्या करकरल्या. मग सर वळले आणि त्या मुलाला म्हणाले, "बरोबर हाये तुमचं. सिद्धता पडली." आणि खडू जागेवर ठेवून खाली आले. मागच्या रांगेत कुणीतरी "पडली म्हणे" असं पुटपुटलं आणि हसलं. तो नम्र मुलगा मात्र रडवेला झाला होता. चहाच्या वेळी सरांनीच त्याच्या पाठीवर हात ठेवला.

परतीच्या गाडीतही त्यांनी कोट मांडीवर घडी करून धरला होता. इगतपुरीला चहा घेतला. कप खिडकीतून परत दिल्यावर त्यांनी विचारलं, "तुले दिसलं होतं काय ते?"

"नाही, सर."

"मंग ठीक हाये." मग म्हणाले, "मले वाटलं, तुले दिसलं असन, अन् माझ्या तोंडाकडं पाहून तू गप्प राह्यला असशीन. तसं असतं तं मले लय वाईट वाटलं असतं. सिद्धता पडली त्याचं काही नाई. सिद्धता पडतेच."

आता सांगून काय होणार, असा विचार तेव्हाही माझ्याकडे तयार होता.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्याजवळ ते कोसळले. अर्धांगवायू. उजवा हात गेला तो गेलाच. बोलणं महिन्याभरानं परत आलं, पण पुण्याचं पत्र आलं त्या संध्याकाळीनंतरचा सगळा काळ डोक्यातून पुसून गेला होता, आणि नवं काही चार दिवस टिकेना. मोताळ्याहून त्यांच्या विधवा बहीण अनसूयाबाई त्यांच्याजवळ राहायला आल्या. शेतकरीण बाई, खमक्या.

बोलणं परत आल्यावर मी पहिल्यांदा भेटायला गेलो तो रविवार होता. सर उशांना टेकून बसले होते. मला पाहून खूश झाले आणि डाव्या हातानं उशाखालची वही ओढून माझ्यापुढे केली. "बरं झालं आला. हे घे. तू तपास. चूक असन तर मले पुण्यात कळू नये, खामगावात कळू दे."

अनसूयाबाई हळूच म्हणाल्या, "भाऊ, दादाले काही याद नाई. हो म्हणा फक्त."

मी एकेचाळिसावं पान उघडलं. म्हणालो, "सर, इथं चूक आहे." आणि किसनभाऊची विहीर सांगितली. पायरी, चहा, दोन पंप, गाळ, सगळं. सरांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता काय होतंय. मग त्यांनी डावा हात अंथरुणावर थाड्कन मारला. "वा बे! पडली ना सिद्धता! दोघंबी खरे!" आणि ते हसायला लागले. अकरा वर्षांत त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

अनसूयाबाई डाळ निवडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "त्यात काय एवढं? आपल्या मळ्यातली इहीर बाबा अन् काका, दोघायची नव्हती काय? आजानं मोटीचा नाडा एकच ठेवला होता. ज्याच्या घरी तो दोर, त्याची पाळी. नाडा घरी नसन तं पाणी पाहालेही इहिरीवर जायाचं नाई."

सर बहिणीकडे पाहत राहिले. मग मला म्हणाले, "लिही बे. माझा हात चालत नाई."

पाव तासात त्यांनी अकरा ओळी सांगितल्या. पाहणं आणि उपसणं, दोन्हींना एकच नाडा. वस्तू कितीही जणांच्या असोत, नाडा एकाच हातात, आणि तो हातात नसेल तर वस्तूला काही विचारायचंही नाही. त्या अकरा ओळी मी नंतर शंभर वेळा तपासल्या असतील. त्या बरोबर आहेत. मेंदूचा अर्धा भाग विझलेल्या माणसानं पाव तासात चूक दुरुस्त केली होती. अख्ख्या डोक्यानिशी त्याच्याकडे पुण्याआधी सात आठवडे होते, आणि ते मी खाल्ले.

अकरा ओळींनंतर ते थकले. "पुढची पानं उद्या," म्हणाले आणि झोपले. पण पुढच्या रविवारी त्यांना काही आठवत नव्हतं. उशाखालून वही निघाली, तू तपास म्हणाले, मी विहीर सांगितली, अनसूयाबाईंनी न कंटाळता नाडा सांगितला, आणि त्यांनी त्याच अकरा ओळी पुन्हा सांगितल्या, तितक्याच आनंदानं. बारावी ओळ कधी आली नाही. मी स्वतः पुढे जायचा प्रयत्न केला. सव्वाशे पानं नव्यानं रचायची होती आणि ते माझ्या आवाक्यातलं नव्हतं. मला दुसऱ्याची चूक दिसते, नवं काही दिसत नाही. पुढे परदेशात कुणीकुणी त्या वाटेनं गेले आणि पोचलेही, असं वाचलं. त्यांना खामगाव ठाऊक असायचं कारण नाही.

दीड वर्ष, ते जाईपर्यंत, मी रविवार चुकवला नाही. अनसूयाबाईंना वाटे, काय हा शिष्य! गावातही माझं नाव झालं. मला मात्र त्या घराची पायरी चढताना दर वेळी वाटे, आज खरं सांगावं, की सर, मला हे दिवाळीच्या आधीच दिसलं होतं. आणि दर वेळी ते अकरा ओळी सांगून झाल्यावर माझा हात धरून विचारत, "केव्हा दिसलं तुले हे?"

"आत्ताच, सर."

"बरं झालं टायमावर सांगतलं," ते म्हणत. "अजून दोन महिने हायेत."